हाताला हलकं

बाबांनी पेन तळहातावर आडवं ठेवलं, दोनदा झुलवलं आणि सोफ्यावर बसलेल्या धाकट्यापुढे धरलं.

"बघ, आहे का वजन? नुसतं टेकवलं की चालतं! बोटं दुखायला लागल्यापासून शब्दकोडी रचणं सोडलंच होतं मी. तू हे पाठवलंस आणि गाडी पुन्हा सुरू झाली."

चहाचा ट्रे घेऊन आलेली ताई दारातच थबकली. झालं! आता फुटणार बिंग.

पेन तिनेच घेतलं होतं. दंतवैद्याच्या दवाखान्यात दिवसभर लोकांच्या तोंडाशी दिवा धरून मिळणाऱ्या पगारातली चांगली रक्कम त्या काळ्याभोर रोलरबॉलवर घालवली होती. दुकानदार वैतागेपर्यंत एकेक पेन हातावर तोलून पाहिलं होतं. पण तिने दिलं असतं तर बाबा म्हणाले असते, 'कशाला ही थेरं? परत करून ये.' त्यातून धाकट्याचा महिनोन्‌महिने फोन नाही आणि म्हातारा खिडकीशी बसून झुरतोय. म्हणून ती बोलून गेली, "त्याने पाठवलंय, बाबा."

तेव्हापासून घरात धाकट्याचे पोवाडे सुरू झाले. आल्यागेल्याला पेन दाखवायचं आणि म्हणायचं, "लेक लांब असला तरी लक्ष आहे हो त्याचं!" ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, मग स्वतःचीच लाज वाटायची. आपण होऊन सांगणं काही तिला जमेना. एकदा तो आला की त्याच्याच तोंडून बाबांना खरं कळेल, याची मात्र ती वाट पाहत होती, खोटं कशाला बोला!

धाकट्याने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग मान वर करून ताईकडे पाहिलं. तिची थाप त्याला लहानपणापासून लगेच कळायची.

"मुद्दाम हलकं शोधलं, बाबा," तो म्हणाला. "म्हटलं, तुमच्या हाताला जड नको."

बाबांचे डोळे भरून आले.

ताईने कप आदळले नाहीत, एवढंच. ट्रे टेबलावर ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. धाकटा मागोमाग आलाच.

"अगं, काय बोलणार होतो मी? किती खूश आहेत बघ ना."

"हो ना. तुझं काय जातंय?"

"माझं नाव तूच सांगितलंस ना? मग?"

आपलेच दात, आपलेच ओठ. तिने नळ मोठा सोडला आणि धुतलेलीच पातेली पुन्हा घासायला घेतली.

संध्याकाळी तो गेला. बाबा त्याला फाटकापर्यंत पोचवून आले आणि खुर्चीत टेकले. चेहरा असा उजळलेला, की तसा तिने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"बघितलंस? माझा हात दुखतो हे त्याला तिथे बसून कळलं. तू रोज इथे असतेस, तुझ्या आलं कधी लक्षात?"

अगदी ओठांवर आलं होतं तिच्या. बाबांकडे पाहिलं आणि तिने ते गिळलं.

"नाही आलं," ती म्हणाली.

"असू दे. प्रत्येकाचा स्वभाव असतो. बरं, याचं रिफिल संपत आलंय, तेवढं तू आण. त्याला उगाच खर्चात कशाला पाडायचं? आणि हे बघ, कुठलं तरी स्वस्तातलं उचलून आणू नकोस हं. त्याला वाईट वाटेल."