पुंगळी निघत नाही

डॉक्टर उल्हास मिरीकर यांना आपली रायफल बिघडलेलीच हवी होती. ती धडधाकट ठरली असती, तर सगळं खापर त्यांच्या उजव्या हातावर फुटलं असतं. आणि त्या हातावर त्यांचं आयुष्य उभं होतं. तीस वर्षं ते इंग्लंडात लोकांची पोटं उघडून परत शिवत आले होते.

रायफल साधीच, एकनळी. बिजागरीवर मोडून उघडायची, गोळी भरायची, मिटायची, झाडायची. पुन्हा उघडली की एक्स्ट्रॅक्टर नावाची लहानशी पट्टी झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी नखभर वर उचलते. पुढचं काम आपलं. ती चिमटीत धरायची आणि ओढायची. बेसिंगस्टोकजवळ एका शेतकऱ्याच्या गव्हात हरणांचा धुमाकूळ असे, म्हणून डॉक्टर दर हिवाळ्यात तिथे जात. २००६ च्या त्या हिवाळ्यात मात्र पुंगळी अडकायला लागली. डॉक्टर ओढायचे, ती जागची हलायची नाही. मग चाकूच्या टोकानं उचकटायची. एकदा या खटपटीत जखमी हरणीवर दुसरी गोळी झाडायला उशीर झाला आणि ती फार तडफडली. डॉक्टरांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्यांनी रायफल मिलिंदला दाखवली. मिलिंद हा शिकारीतला त्यांचा जोडीदार, पेशानं इंजिनियर, गॅरेजमध्ये लेथ बाळगून असलेला. त्याच्या हाती वस्तू आली की ती सुधारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. ती मुळात बिघडली आहे का, असल्या फालतू चौकशीत तो पडत नसे.

आधी त्यानं नळीतलं गोळी बसते ते चेंबर घासून आरशासारखं चकचकीत केलं. डॉक्टर म्हणाले, “निघत नाही.” मग त्यानं जास्त जोराची स्प्रिंग बसवली. डॉक्टर म्हणाले, “अजून निघत नाही रे.” तेव्हा मिलिंद इरेला पेटला. त्यानं एक्स्ट्रॅक्टरच नवा घडवला, पुंगळी दुप्पट वर उचलणारा, आणि शनिवारी तो तपासायला तिघंजण शेतावर गेले. तिसरी दिया, डॉक्टरांची मुलगी. ती केंब्रिजला संशोधन करत होती आणि शनिवार-रविवार घरी आली होती.

मातीच्या बांधासमोर कागदी निशाण लावलं. पहिली गोळी मिलिंदनं झाडली, रायफल उघडली आणि पुंगळी अलगद काढून दाखवली. दुसरीही तशीच काढली. मग डॉक्टरांनी झाडली. उघडली. पुंगळी चांगली बोटाच्या पेराएवढी वर आली होती. त्यांनी ती चिमटीत धरली आणि ओढली. बोटं नुसतीच घसरली. पुन्हा धरली, पुन्हा घसरली.

“निघत नाही,” ते म्हणाले.

“असं कसं होईल डॉक्टर? बोटांना ऑइल लागलं असेल,” मिलिंद म्हणाला.

दियानं हात पुढे केला आणि ती पुंगळी दोन बोटांनी उचलून घेतली. मग अगदी सहज विचारलं, “बाबा, तुला काढवत नाही का?”

दियाच्या मराठीची गंमत अशी, की ती सगळी आजीकडून आलेली. आजी शेवटची वर्षं त्यांच्याकडेच होती, अंथरुणाला खिळलेली. “मला बसवत नाही गं, मला खाववत नाही,” एवढंच दिवसभर तिच्या तोंडी. त्यामुळे मराठीत ‘नाही’ म्हणायचं ते असंच, हे पोरीच्या डोक्यात पक्कं बसलं. नुसता कंटाळा आला तरी ही म्हणणार, “मला आज कुकिंग करवत नाही.” घरात हसू पिकायचं, आणि डॉक्टर न चुकता तिची चूक सुधारायचे.

आताही सुधारायला त्यांनी तोंड उघडलं, पण या खेपेला वाक्यात चूक नव्हती. दोन महिने ते ‘निघत नाही’ म्हणत होते, म्हणजे दोष सगळा पुंगळीचा. मिलिंद मान खाली घालून हत्यारांच्या पेटीत काहीतरी शोधायला लागला.

“सॉरी बाबा, मी राँग बोलली का?”

“नाही गं. बरोबर बोललीस.”

डॉक्टरांनी हात उजेडात धरला. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधलं मांस झडून तिथे खळगा पडला होता. पेशंटचा असा दुबळा पडत चाललेला हात त्यांनी दारातूनच ओळखला असता. स्वतःच्या हाताकडे त्यांनी कानाडोळा केला होता. ते घाबरले, चांगलेच घाबरले.

मिलिंद भला माणूस. तो म्हणाला, “डॉक्टर, मी असं करतो, इजेक्टरच बसवतो. उघडली की पुंगळी आपोआप बाहेर उडेल. तुम्हाला हात लावायलाच नको. कुणाला काही कळायचंही नाही.”

शेवटचं वाक्य त्यानं हळूच म्हटलं. डॉक्टरांना ते फार गोड वाटलं. ‘बसव’ हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण मंगळवारी एका बाईच्या आतड्याचं ऑपरेशन होतं, आणि त्या बाईचा चेहरा त्यांना आठवला.

“नको,” ते म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले. काच वर केली आणि नीनाला फोन लावला. नीना त्यांच्या हाताखालची सर्जन, मूळची नागपूरची. प्रत्येक ऑपरेशनला टेबलापलीकडे उभी असे.

“नीना, मंगळवारची लिस्ट तू घेशील?”

“घेते सर.”

“त्यानंतरच्याही. सगळ्याच.”

“हो सर.”

का, म्हणून तिनं विचारलंच नाही. ते डॉक्टरांच्या ध्यानात आलं.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

मग नीना म्हणाली, “सर, दिवाळीपासून तुमच्या टाक्याच्या प्रत्येक गाठीवर मी माझी एक गाठ मारतेय.”