एकदाच दाबलेलं 'बरोबर'

दचकू नका. टेबलावरून बोलतोय तो मीच, कीबोर्ड.

ताईनं मला आणलं ते धाकट्या बहिणीसाठी. ताई दातांची डॉक्टर. धाकटीनं तिला शब्द दिला होता, "तुझ्या दवाखान्याची वेबसाइट मी करते. पेशंट घरबसल्या वेळ ठरवतील."

धाकटी हुशार, पण घाई अशी की विचारू नका! प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायची सोडून तिनं थेट फ्रेमवर्कला हात घातला. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. त्यात ही इकडचं उचलून तिकडे चिकटवायची. माझी दोन-तीन बटणं राबायची, बाकीची लोळत पडलेली. मला काय, आरामच होता.

मग ताई म्हणाली, "दहाची वेळ घेणाऱ्यांना 'नाश्ता करून या' असं सांगता येईल का गं?"

ही ओळ कुठे तयार मिळेना. धाकटीनं ती स्वतः लिहिली आणि माझं 'बरोबर'च्या (=) चिन्हाचं बटण एकदाच दाबलं. मला हसू आवरेना. त्या भाषेत ते दोनदा दाबलं तर प्रश्न होतो, 'वेळ दहाची आहे का?' एकदा दाबलं तर हुकूम, 'वेळ दहाची कर!'

सोमवारी ताईचा फोन आला. "अगं, सगळे दहालाच आलेत! जिन्यातसुद्धा गाल धरून बसलेत. एक आजोबा कवळी हातात घेऊन भांडताहेत, आणि एक अक्षर कळत नाहीये!"

"फ्रेमवर्कच बिघडलंय," धाकटी पुटपुटली.

संध्याकाळी ताई समोर येऊन बसली. "मला आधी दातांची मुळं शिकवली, ड्रिल नंतर हातात दिलं. तुला जमत नसेल तर सांग. मी आपली फोनवरच वेळा देईन."

धाकटीचा चेहरा एवढासा झाला. तिनं फ्रेमवर्क बंद करून कोरी फाइल उघडली आणि भाषा पहिल्यापासून गिरवायला घेतली. पहिल्याच प्रोग्रॅमनं पडद्यावर लिहिलं, 'आ करा.' मग माझी झोपाळू बटणंही कामाला लागली.

एका दुपारी धडा वाचता वाचता ती थबकली. जुनी ओळ उघडली. "अगं बाई! मी विचारलंच नाही, सरळ हुकूम सोडला!" एकटीच पोट धरून हसली आणि ते बटण दुसऱ्यांदा दाबलं.

आता पेशंट आपापल्या वेळेला येतात. फ्रेमवर्कही परत आलंय, पण अडलं की ती आत डोकावून बघते.

मी मात्र पार दमतो. तक्रार नाही, विनंती आहे. फ्रेमवर्क खुशाल वापरा, पण आधी भाषेशी ओळख करून घ्या. आणि चूक सापडली नाही म्हणून एंटरला बडवू नका. त्या बिचाऱ्यानं काय केलंय?