पान एकशे बारा

"मॅडम, हे काही बोलून नाही राहिलं."

शुभंकरने एक इअरफोन काढून श्यामलाबाईंच्या दिशेने धरला. त्यांनी कानाला लावला. संगणकातला आवाज म्हणाला, "चित्र. पान एक." मग, "चित्र. पान दोन."

शुभंकर यवतमाळहून पुण्यात बी.ए. करायला आलेला, जन्मापासून अंध. कॉलेजच्या ग्रंथालयाने त्याच आठवड्यात हजारो ई-पुस्तकं घेतली होती. दारावर फलक होता : 'ज्ञान आता सर्वांसाठी खुले'. पण शुभंकरचं इतिहासाचं पुस्तक म्हणजे नुसते पानांचे फोटो. फोटोतली अक्षरं त्या आवाजाला वाचता येत नव्हती.

श्यामलाबाई तिथल्या साहाय्यक. त्या ग्रंथपालांकडे गेल्या.

"सर्वांसाठी खुलं केलंय ना? आता एकेकाला वाचूनही दाखवायचं का?" ते फाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले.

"नको, सर. मी टाइप करते."

"करा. देवघेव सांभाळून."

परीक्षेला दोन महिने होते आणि पानं दोनशे चाळीस. श्यामलाबाई बिबवेवाडीहून तासभर आधी यायला लागल्या. जेवणाच्या सुट्टीतही काउंटरमागेच बसून टाइप करत. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची रिकामी असायची. "हल्ली दिसत नाही," असं कुणी म्हटलं नाही.

पुस्तक परीक्षेच्या बारा दिवस आधी पूर्ण झालं.

निकाल लागला तसा शुभंकर सांगायला आला. "इतिहासात अडुसष्ट, मॅडम!"

"उरलेले बत्तीस कुठे गेले?" त्या म्हणाल्या. तो हसला. मग जरा घुटमळला.

"एक विचारू का जी? पूर्ण पुस्तकात तुमची एक चूक नाही. फक्त पान एकशे बारावर एकच वाक्य तीनदा आलं, अन् पुढचं अर्धं पान सुटलं. त्या दिवशी काही झालं होतं काय?"

श्यामलाबाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला. तेव्हा त्यांनी घेतलेल्या चार दिवसांच्या रजेबद्दल ऑफिसने फक्त अर्ज मागितला होता.

"माझी बहीण गेली. सोलापूरला असायची. फोन आला तेव्हा ते पान चालू होतं. हात टाइप करतच राहिले बघ."

शुभंकरने चाचपून खुर्ची ओढली आणि बसला.

"नाव काय होतं त्यांचं?"

काउंटरवर दोन मुली पुस्तकं घेऊन उभ्या होत्या. "थांबा जरा," श्यामलाबाई त्यांना म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "सुरुची. रोज फोन करायची, काय भाजी केलीस म्हणून."

तो बराच वेळ ऐकत बसला. संध्याकाळच्या गाडीने तो गावी जाणार होता.

तो गेल्यावर त्यांनी मुलींची पुस्तकं नोंदवली. मग एकशे बारावं पान उघडलं. पुढच्या वर्षी आणखी कुणाला लागलं, तर ते पूर्ण हवं होतं. सुटलेलं अर्धं पान त्यांनी टाइप केलं. जादाची दोन वाक्यं तेवढी राहिली होती. ती त्यांनी एकदम खोडली नाहीत. शेवटून, एकेक अक्षर खोडत गेल्या.