लाँड्रीपुढचा बिडाचा पाइप

जरा खाली वाका, म्हणजे ऐकू येईल. मी तुमच्या पायाखालून बोलतोय. या गल्लीच्या पोटात कमरेइतका खोल पुरलेला गॅसचा पाइप मी. बिडाचा, काळा, मांडीएवढा जाड.

माझे तुकडे ओतशाळेत तयार झाले. गल्लीत आणून एकाचं टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवलं, फटीत तागाचा दोर ठासला आणि वर वितळलेलं शिसं ओतलं. जोडणारा म्हणाला होता, हा आपल्या नातवंडांना पुरेल. पुरलो.

तेव्हा माझ्यातून कोळशापासून काढलेला गॅस जायचा. तो ओलसर असे, त्यानं ताग फुगलेला राही आणि सांधे घट्ट. पुढे नैसर्गिक गॅस आला. स्वच्छ, पण कोरडा. ताग वाळत गेला. वरून मोठमोठ्या गाड्या धावू लागल्या आणि माझे सांधे माणसाच्या गुडघ्यांसारखे कुरकुरू लागले.

त्या दिवसांत मला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे गॅस कंपनीचे तपासनीस. गल्ली त्यांना नाकवाले काका म्हणायची. हातात गळती शोधायचं यंत्र असे, पण आधी नाक पुढे, मग यंत्र. गॅसला मुळात वास नसतो; गळती कळावी म्हणून मुद्दाम घाणेरडा वास मिसळतात. काकांना तो चार घरांवरून यायचा. मग ते खणायचे, सांध्यावर पट्टा आवळायचे आणि माती लोटण्यापूर्वी मला थोपटायचे.

शेवटी कंपनीनं ठरवलं, ठिगळं पुरे झाली. सगळी लाइनच नवी करायची. खणणारच आहोत तर विजेच्या लोंबत्या तारा काढून केबलही जमिनीखाली घ्यायची, म्हणजे जरा वारा सुटला की दिवे जातात ते थांबेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. अडल्या त्या लाँड्रीवाल्या काकू. नवरा गेल्यापासून दुकान त्यांनी आणि सुनेनं चालवलेलं. दारात खड्डा पडला की गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार आणि तिकडचंच होणार, असं त्यांचं म्हणणं. माझा सगळ्यात थकलेला सांधा नेमका त्यांच्याच उंबऱ्याखाली होता.

काका दोनदा समजावून गेले. तिसऱ्यांदा आले ते सकाळी. दुकानात पाऊल टाकलं आणि जागीच थबकले. काकू तासभर मागच्या खोलीत कपडे निवडून, दार ओढून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. सून बाहेरून आली होती आणि पाणी तापवायचा बंब पेटवायला काडेपेटी घेऊन तिकडेच निघाली होती.

काकांनी आडवा हात घालून तिला थांबवलं. दिव्याच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही म्हणाले, दोघींना रस्त्यावर काढलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि धावत जाऊन गल्लीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह बंद केला. तो गॅस माझा होता, उंबऱ्याखालच्या सांध्यातून निसटून जमिनीखालून मागच्या खोलीत साठलेला. इतकी वर्षं ज्यांचं पाणी तापवलं, त्यांच्याच घरात मी शिरलो होतो.

धाप थांबल्यावर काकांनी विचारलं, “वहिनी, तुम्ही तासभर आत होतात. वास नाही आला?”

काकू आधी साबणाचं काहीतरी पुटपुटल्या. मग मान खाली घालून म्हणाल्या, “मला वासच येत नाही, भाऊ. मागच्या आजारपणापासून कशाचाच नाही.”

“आणि कुणाला सांगितलं नाहीत?”

“लाँड्रीवालीला वास येत नाही म्हटल्यावर धुतलेल्या कपड्यांचा भरवसा कोण धरणार?”

सून दोन वर्षं एकाच घरात राहत होती, तिलाही पत्ता नव्हता. तिनं हातातली काडेपेटी काकांकडे दिली. मग सासूला म्हणाली, “आजपासून वास मी बघेन, आई. तुम्ही डाग बघा.”

दुपारी काकूंनी स्वतःच काकांना सांगितलं, कुठे खणायचं ते खणा.

मला वाटलं, उपटून भंगारात टाकतील. पण त्यांनी ठरावीक ठिकाणीच खड्डे घेतले आणि माझ्या आतूनच एक पिवळा प्लास्टिकचा पाइप ओढला. सळसळत आला लेकाचा, ना ताग ना शिसं. टोकं वितळवून एकजीव केलेला. विजेची केबलही त्याच खड्ड्यांतून जमिनीखालून ओढून घेतली. चार दिवस गल्ली विजेच्या शेगड्यांवर जेवली. लाँड्री गार पाण्यावर चालली. काकांनी खड्ड्यावर फळी टाकून दिली आणि येता-जाता गिऱ्हाइकांची गाठोडीही आत नेऊन ठेवली. तरी दोन गिऱ्हाइकं गेलीच. एक परत आलं.

आता गॅस त्या पिवळ्यातून जातो. मी नुसता त्याच्याभोवती पडून असतो, मातीचा भार झेलत. काका निवृत्त झाले. शेवटच्या फेरीत लाँड्रीच्या दारात यंत्राचा काटा जरासुद्धा हलला नाही, तरी उकिडवे बसून बराच वेळ हुंगत होते.

तुमच्या दारात खणायला कुणी आलं तर वैतागा, हरकत नाही. पण खणू द्या. आणि स्वतःचं काही बिघडलं असेल तर घरात निदान एकाला तरी सांगा. मला सांगायला फक्त तो घाणेरडा वास होता. तुम्हाला तोंड दिलंय.