गणपतीला घातलेलं लाइफ जॅकेट

मित्रांनो, मी लहान मुलांचं एक जुनं लाइफ जॅकेट. रंग नारिंगी, पण आता पार उडालाय. सिंगापूरहून तांजुंग पिनांगला जाणाऱ्या फेरीबोटीत सीटखाली राहतो. तांजुंग पिनांग म्हणजे शेजारच्या देशातल्या एका बेटावरची, तिथल्या प्रांताची चिमुकली राजधानी, दोन तासांचा प्रवास. कारखान्यात मला शिवणाऱ्या बाईने माझी शिवण तीनदा ओढून पाहिली होती, इतका मी भरवशाचा! पण सात वर्षांत मला अंगात कुणी घातलं नाही. लोकांनी माझ्यावर पाय ठेवले, चिप्सची रिकामी पाकिटं कोंबली. वर्षातून एकदा तपासनीस यायचा, "ओके" म्हणायचा. तेवढंच काय ते कौतुक.

२०१६ साली, गणपतीच्या आदल्या दिवशी, सिंगापुरात सेंगकांगला राहणारे पद्माकर आणि अनघा बोटीत चढले. सोबत त्यांची सहा वर्षांची जाई आणि शाडूची फूटभर मूर्ती. पद्माकरची बहीण स्मिता तांजुंग पिनांगला राहायची, तिच्या घरचा हा पहिलाच गणपती. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून पद्माकरने मला बाहेर ओढलं, मूर्तीला घातलं आणि पट्ट्यांच्या करकचून निरगाठी मारल्या. मी तर असा फुशारलो म्हणून सांगू! बाप्पाच्या अंगावर मी!

"अरे, ते जाईचं आहे ना?" अनघा म्हणाली.

"इथे कोण बुडतंय?" पद्माकर हसला.

तासाभराने धाडकन आवाज झाला. पाण्यातला ओंडका बोटीवर आदळला होता. पायाशी पाणी आलं. "जॅकेट घाला!" खलाशी ओरडू लागले. मोठ्यांचं जॅकेट जाईच्या डोक्यावरून सरळ खाली घसरलं.

"टू बिग लाह, बाबा!" ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत रडायला लागली. त्या ओळीत लहान मुलांचं जॅकेट मी एकटाच होतो.

पद्माकरने माझ्या गाठीला हात घातला. गाठ सुटेना. मूर्ती फोडल्याशिवाय मी निघणार नव्हतो. आणि मित्रांनो, त्याचे हात थांबले! मी हादरलोच. अहो, पोटची पोर समोर रडतेय आणि हा थांबतो? अनघाने त्याला ढकललं, मूर्ती सीटच्या कडेवर आपटली आणि मला ओढून जाईच्या गळ्यात घातलं.

बोट बुडाली नाही. दुसऱ्या बोटीने आम्हाला ओढत धक्क्याला नेलं. तिथे स्मिता पाण्याचा तांब्या आणि ओवाळायला भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती.

"बाप्पा कुठे रे?"

पद्माकरने पिशवीतले तुकडे दाखवले. "ताई, मूर्तीचं सोड गं. माझे हात थांबले."

तो जाईला उचलायला वाकला. ती अनघाच्या मागे सरकली.

मित्रांनो, बोटीत बसलात की आधी सीटखाली हात घाला, आम्ही आहोत ना बघा. आमची उशी करू नका, कुणाच्याही भक्तीपायी आम्हाला दुसरीकडे बांधू नका. बाप्पाला पोहता येत असेल. जाईला येत नव्हतं.