समेटाच्या खोलीतले टेबल

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे, मारवाडातल्या एका जिल्हा न्यायालयातले. मी गोल आहे आणि त्याचा मला एके काळी फार तोरा होता. आता तो उरलेला नाही. का उरला नाही, तेच आज सांगते.

भींयाराम सुताराने मला रोहिड्याच्या लाकडातून घडवले. न्यायालयातली बाकीची टेबले चौकोनी. एका बाजूला साहेब, समोर हात जोडून उभी असलेली माणसे. भींयारामाला मात्र सांगितले होते, "गोल कर. कुणी वर नाही, कुणी खाली नाही." तो पुटपुटला, "मग चहा आधी कुणापुढं ठेवायचा?" पण काम त्याने मन लावून केले.

मला मध्यस्थीच्या खोलीत ठेवले. वर्षानुवर्षे रखडलेले खटले न्यायाधीश इथे पाठवत. निकालाची वाट बघण्यापेक्षा एकदा बसून बोला, असे त्यांचे म्हणणे. लोकांना बोलते करायचे काम वकील पुखराज बोहरांकडे होते. माणूस सज्जन. त्यांची रीत ठरलेली. आधी दोघांना एकत्र ऐकायचे, मग एकाला बाहेर बसवून दुसऱ्याशी एकट्याशी बोलायचे.

पावसाच्या पाण्याच्या टाक्यावरून भांडणारे दोन चुलतभाऊ मला अजून आठवतात. थोरला चिडून म्हणाला, "वकीलसा, अकरा वर्षं तारखांना येतोय. माझ्या उंटालासुद्धा कोर्टाचा रस्ता पाठ झालाय!"

धाकट्याने तोंड फिरवले. "मग त्यालाच पाठवत जा. तुझ्यापेक्षा शहाणा आहे तो."

बोहरा हसले, मग ते दोघेही हसले. संध्याकाळी दोघे एकाच गाडीतून गावी गेले. अशा कितीतरी जोड्या माझ्याभोवती बसल्या आणि उठल्या. एकदा वर्तमानपत्रात माझा फोटोही आला. मी अगदी हुरळून गेले होते.

मग तो दिवस आला. एका दिवसात जमतील तितके खटले मिटवायचे, असा वरून आदेश होता. अंगणात मांडव पडला आणि दाराबाहेर रांग लागली. दुपारी सुगनीचा खटला पुकारला गेला. तिचा नवरा वारला होता. त्याच्या वाट्याच्या दोन खोल्या तिला आणि तिच्या मुलींना मिळाव्यात, एवढेच तिचे मागणे होते. ते द्यायला तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर हडमानराम तयार नव्हते.

हडमानराम खुर्चीत ऐसपैस बसले. सुगनी छातीपर्यंत घुंघट ओढून आत आली. आमच्याकडे जेठासमोर सून खुर्चीवर बसत नाही. ती खाली फरशीवर, माझ्या पायाला टेकून बसली. तिची वकीलीण दुसऱ्या कोर्टात अडकली होती.

"आमच्या बीनणीला आम्ही काय उघड्यावर टाकणार आहोत का?" हडमानराम म्हणाले. "घर माझ्या नावावर राहू दे. ती राहील की आमच्यातच. घरची सून आहे."

बोहरांनी खाली वाकून विचारले, "काय सुगनीबाई, मान्य आहे ना?"

ती काही बोलली नाही. "ती काय बोलणार माझ्यासमोर?" हडमानराम हसून म्हणाले. "मर्यादेची बाई आहे. मान्य आहे तिला."

बाहेर पट्टेवाला पुढचे नाव पुकारत होता. बोहरांनी घड्याळाकडे पाहिले. हडमानरामांना बाहेर बसवायचे त्यांनी त्या दिवशी सोडून दिले. त्यांनी कागद खाली सरकवला आणि तिने अंगठा उठवला. तिच्या दुसऱ्या हाताने माझा पाय घट्ट धरला होता. ते फक्त मला कळले, आणि मला काही बोलता आले नाही. मित्रांनो, लाकूड असल्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

चार महिन्यांनी सुगनी परत आली. एकटीच आली, म्हणून खुर्चीवर बसली. तिचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. खोल्यांना कुलूप लागले होते. मुलींना घेऊन ती भावाच्या गोठ्याशेजारी राहत होती.

बोहरांनी कागद दोनदा वाचला. "राजीखुशीनं झालेला समेट आहे, बाई. यावर अपील नाही. उघडायचा तर जोधपूरला, उच्च न्यायालयात जावं लागेल. तेही सोपं नाही." मग न राहवून म्हणाले, "तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही त्यांच्यासमोर विचारलंत," सुगनी शांतपणे म्हणाली. "पाच मिनिटं त्यांना बाहेर बसवलं असतंत, तर बोलले असते."

बोहरांनी कागद घडी करून परत दिला. ती उठून गेली. पुन्हा आली नाही.

आज माझा वरचा थर सोलवटला आहे, एक पाय डुगडुगतो. त्याचे मला काही वाटत नाही. बाहेर फळ्यावर वर्षभरात मिटलेल्या खटल्यांचा आकडा लिहिलेला असतो. तो वाचून लोक मान डोलावतात. सुगनीचा खटलाही त्यातच धरला आहे.

मित्रांनो, भांडणे बसून मिटवावीत, हे मी आजही म्हणेन. पण तुमच्यापैकी कुणी उद्या अशा खोलीत मध्यस्थ म्हणून बसले, तर गप्प बसलेल्या माणसाला एकट्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा, बाहेर रांग कितीही मोठी असो. आम्ही त्या दिवशी पाच मिनिटे वाचवली, आणि तिचे घर गेले.