सात गोळ्यांचं डोकं

मी एक जुनं, प्लास्टिकचं डोकं आहे. नुसतंच डोकं, मान नाही, धड नाही. मित्रांनो, तुमच्या डोक्यात काय चाललंय ते कुणालाच कळत नाही, पण माझ्या डोक्यात काय आहे ते साऱ्या दवाखान्याला पाठ आहे. मिठाचं पाणी आणि मोजून-मापून बसवलेल्या सात काचेच्या गोळ्या. त्या बसवताना कारागिराने रोखलेला श्वास म्हणे तिसऱ्या दिवशी सोडला. खोटं सांगत असेन तर माझं बूच उडो.

माझं काम सोपं. सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी एमआरआयच्या बोगद्यात निजायचं. फोटोत सातही गोळ्या जागच्या जागी दिसल्या, की यंत्र शहाणं. यंत्र चालवणारी ताई मला 'टकलू' म्हणायची, कपाळ पुसायची. पुढे पेशंटांची रांग वाढली, आणि आठवडाभर मी कपाटात धूळ खात पडलो.

त्या आठवड्यातली रांग सगळी गुडघ्या-कमरांची; डोक्याचा फोटो एका निवृत्त मास्तरांचाच, आणि त्यात डाव्या कानामागे काळा डाग निघाला. गुरुवारी कवटी उघडायचं ठरलं. मास्तर ताईला म्हणाले, "पोरी, चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यात काय आहे ते शोधलं. माझ्या डोक्यात काय आहे ते तू तरी नीट बघ."

ताईला चैन पडेना. बुधवारी तिने मला बाहेर काढलं. फोटोत सातांच्या जागी आठ! आठवा डाग डाव्या कानामागेच.

यंत्राच्या दुरुस्तीवाल्यांना बोलावलं, तर ते हसले. म्हणाले, "टकलू म्हातारा झालाय. आत कुठेतरी तडा गेला असेल."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय नाहीत ही गोष्ट वेगळी.

ताईने मला पालथं निजवलं. डाग माझा असता तर माझ्याबरोबर फिरला असता. गोळ्या फिरल्या. डाग मात्र होता तिथेच, म्हणजे आता माझ्या उजव्या कानापुढे!

"कान बदलणारा आजार मी अजून पाहिला नाही," ताई म्हणाली आणि तिने मास्तरांच्या आणि माझ्याही डोक्याखाली असलेली उशी उसवली. शिवणीत केसांचा बारीकसा लोखंडी काटा, आणि लोखंडाभोवती या यंत्राचा फोटो काळाच पडतो. ताईचा हात आपसूक अंबाड्याकडे गेला. एक काटा कमी होता.

ती तशीच डॉक्टरांकडे गेली आणि चूक आपली असल्याचं सांगून आली. मास्तरांचा फोटो पुन्हा काढला. स्वच्छ! डोक्यात काही नाही, हे ऐकून इतका खूश झालेला मास्तर मी पहिल्यांदाच पाहिला.

आता काटे दाराबाहेरच्या वाटीत राहतात, आणि सकाळी पहिला नंबर माझा. मित्रांनो, यंत्रावर भरवसा जरूर ठेवा. पण रोज आधी त्याला असा एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला पाठ आहे. आणि जमलं तर त्या प्रश्नाचं कपाळही पुसा.